उचलीच्या वहीपासून सुरुवात करा

पत्र : आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना आहे. आजोबा हातमागावर बसत, वडिलांनी आठ यंत्रमागांवर सुरुवात केली आणि आज आमच्याकडे चाळीस माग आहेत. निर्यातीचे काम गेली चार वर्षे मी पाहते. आमचा माल मुंबईच्या एका निर्यातदारामार्फत जर्मनीला जातो. गेल्या महिन्यात तिथल्या खरेदीदाराचे पत्र आले की, पुरवठा साखळीत मानवाधिकारांचे रक्षण कसे करावे याचे प्रशिक्षण कारखान्यातील सर्वांना आणि आम्हाला माल व सेवा पुरवणाऱ्यांना तीन महिन्यांत द्यावे आणि त्याचा पुरावा पाठवावा. एका सल्लागाराने अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम, छायाचित्रे आणि प्रत्येकाला प्रमाणपत्र असा प्रस्ताव दिला आहे. तपासनीस आल्यावर कामगारांनी काय सांगायचे याची चाळीस प्रश्नोत्तरेही त्याने सोबत जोडली आहेत. वडील म्हणतात, “आपल्याकडे कुणाला मारहाण होते का? मानवाधिकार हा तुरुंगातल्या माणसांचा विषय आहे.” सूत कोइमतूरकडून दलालामार्फत येते, रंगाई बाहेर होते, कडा शिवायचे काम शहराच्या पूर्व भागातल्या बायका घरी करतात आणि घाईच्या वेळी काही विणकामही आम्ही बाहेर देतो. अशाच एका बाहेरच्या मागवाल्याकडे मी पंधरा वर्षांचा मुलगा यंत्रावर सुताच्या कांड्या भरताना पाहिला. खरे सांगायचे तर नीट शोधायला गेले आणि निस्तरता येणार नाही असे काही सापडले तर काय, ही भीती वाटते. मी काय करावे?
– एका कारखानदाराची मुलगी, सोलापूर

उत्तर :

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात तीन महिन्यांची मुदत आणि सल्लागाराचा प्रस्ताव डोळ्यांत भरला. दुसऱ्या वाचनात लक्षात आले की तुमचा खरा प्रश्न शेवटच्या दोन वाक्यांत आहे. ज्याला शोधायची भीती वाटते, त्याला काय सापडेल याचा अंदाज बहुधा आधीच असतो. तेव्हा प्रशिक्षणाची सुरुवात तुमच्यापासून झालीच आहे, असे मी समजतो.

आधी त्या चाळीस प्रश्नोत्तरांविषयी लिहितो, कारण तो भाग सोपा आहे. ती यादी सल्लागाराला परत करा. पढवलेली उत्तरे तपासनिसाला ओळखू येतात, कारण सगळ्यांचे उत्तर एकाच शब्दांत येते. पण त्याहून मोठे नुकसान हे की, ज्या दिवशी ती यादी मागांवर वाटली जाईल त्या दिवशी मालकांना काहीतरी लपवायचे आहे हे कारखान्यातल्या प्रत्येकाला कळेल, आणि त्यानंतर तुम्ही घेतलेला कोणताही वर्ग त्यांना त्या लपवालपवीचाच भाग वाटेल. प्रमाणपत्रांविषयीही तेच. सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीतील एका कपड्यांच्या कारखान्याला आग लागून २५० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्या कारखान्याला कामगारांच्या सुरक्षिततेसह सर्व बाबी समाधानकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र अवघ्या काही आठवड्यांपूर्वी मिळाले होते. कागद खरा होता, शिक्का खरा होता, पण खिडक्यांना गज होते आणि बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या.

आपल्याला कराचीपर्यंत जाण्याचेही कारण नाही. मे २०२५ मध्ये तुमच्याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्याला पहाटे आग लागली आणि आठ जण गेले; त्यांत मालकाच्या घरची माणसे होती, तशी कामगाराच्या घरचीही होती, कारण दोन्ही कुटुंबे कारखान्याच्या आवारातच राहत होती. त्या घटनेचा दोष कोणाचा, हे ठरवण्याचे काम या सदराचे नाही. मला एवढेच सांगायचे आहे की, रातपाळीला तुमच्या कारखान्याच्या मागच्या शटरला कुलूप असते का, त्याची किल्ली कोणाकडे असते आणि ती व्यक्ती त्या वेळी कुठे झोपलेली असते, हे आजच रात्री जाऊन पाहा. यासाठी कोणत्याही प्रशिक्षणाची वाट पाहू नका. सुताचे चोरीपासून रक्षण व्हावे म्हणून घातलेले कुलूप माणसाच्या जिवावर उठू शकते, ही मानवाधिकारांची पहिली आणि सर्वांत कमी खर्चाची इयत्ता आहे.

आता तुमच्या वडिलांच्या वाक्याकडे वळतो. त्यांचे अगदीच चुकले, असे मी म्हणणार नाही. मराठीत ‘मानवाधिकार’ हा शब्द वर्तमानपत्रांतून आला तो पोलीस कोठडी, चकमक आणि आयोगाची नोटीस यांच्यासोबतच आला. मागाच्या खडखडाटात तो कोणी उच्चारलेला त्यांनी ऐकला नसेल. पण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने जून २०११ मध्ये एकमताने मान्य केलेली ३१ मार्गदर्शक तत्त्वे नेमकी उद्योगांसाठीच आहेत. जॉन रगी या अभ्यासकाच्या पुढाकाराने ती तयार झाली. त्यांतील मांडणी थोडक्यात अशी : लोकांच्या हक्कांचे रक्षण करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, त्या हक्कांचा आदर करणे ही उद्योगाची जबाबदारी आहे आणि हक्क पायदळी तुडवले गेले असतील तर भरपाईचा मार्ग उपलब्ध करून देणे ही दोघांचीही जबाबदारी आहे. सरकार आपले काम करत नसेल, तरी उद्योगाची जबाबदारी कमी होत नाही, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा. आपल्या केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१९ मध्ये जबाबदार व्यवसायाची नऊ तत्त्वे जाहीर केली, त्यांपैकी पाचवे मानवाधिकारांचे आहे. आणि शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना ‘सेबी’ने त्या नऊ तत्त्वांवरील वार्षिक अहवाल २०२२-२३ पासून बंधनकारक केला आहे. म्हणजे उद्या जर्मनीऐवजी एखाद्या मोठ्या भारतीय हॉटेल कंपनीला टॉवेल विकायचे ठरवलेत, तरी हाच प्रश्न दुसऱ्या दाराने येईल. त्या अहवालात किती कर्मचाऱ्यांना मानवाधिकारांचे प्रशिक्षण दिले, हा आकडा विचारला जातो. आकडा विचारला की समोरून आकडाच येतो. तुमच्या सल्लागाराचा धंदा त्यावरच चालतो.

जर्मन पत्रामागे पुरवठा साखळीतील मानवाधिकारांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकणारा कायदा आहे. तो १ जानेवारी २०२३ पासून अमलात आला. आधी तीन हजार किंवा त्याहून अधिक आणि २०२४ पासून एक हजार किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या तिथल्या कंपन्यांना तो लागू झाला. तो तुम्हाला लागू नाही, तुमच्या खरेदीदाराला आहे. स्वतःची कायदेशीर जबाबदारी जशीच्या तशी पुरवठादारावर ढकलून मोकळे होता येत नाही, असे त्या कायद्यावर देखरेख ठेवणाऱ्या जर्मन यंत्रणेनेच स्पष्ट केले आहे. तेव्हा “तीन महिन्यांत सर्वांना शिकवा आणि पुरावा पाठवा” एवढे लिहून त्यांचे काम संपत नाही, हे लक्षात असू द्या. आपण त्याचा उपयोग पुढे करणार आहोत. युरोपीय संघाने सर्व सदस्य देशांसाठी असाच एक निर्देश २०२४ मध्ये संमत केला आणि २०२५ मध्ये त्याची मुदत पुढे ढकलली, त्यामुळे एमआयडीसीत “आता हे सगळे थंड होणार” अशी चर्चा तुमच्या कानावर आली असेल. त्या चर्चेवर विसंबू नका. सक्तीच्या श्रमातून तयार झालेल्या वस्तूंना युरोपच्या बाजारात बंदी घालणारा वेगळा नियम १४ डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहे. तो कंपनीचा आकार पाहत नाही, वस्तू पाहतो. टॉवेल ही वस्तू आहे.

सक्तीचे श्रम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साखळदंड येतात. आपल्या गावातला साखळदंड कागदी असतो, आणि त्याला उचल म्हणतात.

तुमच्या पत्रात उचलीचा उल्लेख नाही, याचे मला थोडे आश्चर्य वाटले. चाळीस माग आणि उचलीची वही नाही, असा कारखाना मी सोलापुरात पाहिलेला नाही. मुलीचे लग्न, दवाखाना, गणपती, शाळेची फी यांसाठी कामगार मालकाकडून रक्कम उचलतो, ती दर आठवड्याच्या पगारातून थोडी थोडी कापली जाते आणि फिटत आली की पुन्हा नवी उचल होते. यात माणुसकी आहे, हे मी नाकारत नाही. बँक ज्याला उभे करत नाही त्याला मालक उभा करतो. पण तीच वही उघडून दुसऱ्या बाजूने वाचा. ज्याच्या नावावर तीस हजारांची बाकी आहे, तो शेजारच्या कारखान्यात जास्त दर मिळत असूनही जाऊ शकतो का? त्याला जायचे असेल तर नवा मालक आधी तुमची बाकी भरतो आणि माणूस वहीसकट तिकडे जातो, असेच ना? वेठबिगार पद्धतीचे उच्चाटन करणारा १९७६ चा कायदा नेमके हेच विचारतो : घेतलेल्या आगाऊ रकमेपोटी माणसाने काम सोडण्याचे, दुसरीकडे काम धरण्याचे किंवा बाजारभावाने मजुरी मिळवण्याचे स्वातंत्र्य गमावले आहे का? गमावले असेल तर ती वेठबिगारी, मग त्याला घरी जायला रोज मोकळीक असो की नसो. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, आणखी पुढे जाऊन सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हेही राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदातील सक्तीचेच श्रम होय, कारण भुकेची सक्तीही सक्तीच असते. हा निकाल तुमच्या वडिलांना अवश्य सांगा. मारहाणीचा त्यात संबंध नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, तुमचा पहिला वर्ग कामगारांसाठी नको. तो तुम्ही, वडील, हिशेबनीस, जॉबर (मागांवर देखरेख करणारा मुकादम) आणि बाहेर काम वाटणारा माणूस अशा पाच-सहा जणांचा असू द्या, आणि त्यात पडद्यावर चित्रे दाखवण्याऐवजी तीन कागद टेबलावर मांडा : उचलीची वही, गेल्या सहा महिन्यांचे मस्टर आणि त्याच काळातील खरेदीदाराचे निरोप. मस्टरवर बारा तासांची पाळी आठ तासांची कशी होते, हे हिशेबनिसाला कोणी शिकवावे लागत नाही. ते त्याने सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवावे, एवढेच पुरे. उचलीबाबत त्या दिवशी ठरवण्यासारख्या गोष्टी तशा थोड्या आहेत. प्रत्येक कामगाराला स्वतःच्या बाकीची प्रत मिळावी, उचलीवर व्याज नसावे, ठरलेला हप्ता कामगाराच्या संमतीनेच कापला जावा (वेतन संहितेनुसार सर्व कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या पुढे जाता येत नाही), आणि काम सोडणाऱ्याचा पगार बाकीपोटी अडवून ठेवू नये. त्याचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करावा, असे तीच संहिता सांगते. वेतन संहितेसह केंद्राच्या चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे आता बंधनकारक आहे, हेही ओघाने आले. “मग दिलेली उचल बुडाली तर?” असे वडील विचारतील. काही बुडेल. मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. मात्र ज्या कारखान्यात बाकी असूनही जाता येते, तिथून माणसे जातात कमी, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

आता खरेदीदाराच्या निरोपांचे काय करायचे, ते सांगतो. संयुक्त राष्ट्रांची तत्त्वे उद्योगाचा हानीशी असलेला संबंध तीन प्रकारे पाहतात : हानी स्वतः घडवणे, हानीला हातभार लावणे आणि ज्यांच्याशी आपला व्यवहार आहे त्यांच्यामार्फत हानीशी जोडले जाणे. वर्गात व्याख्या सांगत बसलात तर लोक जांभया देतील. त्यापेक्षा एकच माल घ्या आणि त्याचा माग मागे मागे काढा. समजा, एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी मोबाइलवर निरोप आला की किनारीचा रंग बदलला आहे, जहाजाची तारीख मात्र तीच आहे. तुम्ही रंगाईवाल्याला रविवारी काम करायला सांगता, रंगाईवाला रविवारी दोन माणसांवर काम उरकतो, सूत मंगळवारऐवजी गुरुवारी हाती येते, तुमच्या मागांवर तो माल बसत नाही म्हणून निम्मा माल बाहेरच्या मागवाल्याकडे जातो, त्याच्याकडे कांडीवाला नसतो म्हणून तो शेजारचा मुलगा बोलावतो, आणि कडा शिवणाऱ्या बायकांच्या दारात रात्री नऊला टॉवेलचे गठ्ठे पडतात ते सकाळी सातला परत हवे असतात. त्या रात्रभर शिवतात आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या शाळकरी मुली दोरे कापतात. तुम्ही पाहिलेला मुलगा त्या कांडीपाशी कसा पोहोचला, याचा शोध अशा एखाद्या शुक्रवारच्या निरोपापर्यंत जाऊन थांबतो. यात मागवाल्याने हानी घडवली, तुम्ही हातभार लावला, आणि हातभार लावणाऱ्यांत खरेदीदारही आहे. ही साखळी फळ्यावर खडूने काढा आणि प्रत्येक कडीशी तास लिहा. माझ्या पाहण्यात यापेक्षा परिणामकारक धडा नाही.

त्या मुलाविषयी. पहिली गोष्ट, त्याला उद्या सकाळी हाकलून देऊ नका आणि मागवाल्यालाही तसे करायला लावू नका, कारण फाटकाबाहेर काढलेला मुलगा शाळेत जात नाही, तो याहून वाईट ठिकाणी जातो. कायद्याने चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे पूर्णपणे निषिद्ध आहे आणि चौदा ते अठरा या वयात धोकादायक काम निषिद्ध आहे; कांडीयंत्र धोकादायक म्हणायचे की नाही, यावर वकिलाशी वाद घालण्यात वेळ दवडू नका. त्याचे वय शाळेच्या दाखल्यावरून पाहा, चालत्या यंत्रापासून त्याला ताबडतोब दूर करा, घरी जाऊन आईवडिलांशी बोला, घरातील एखाद्या सज्ञान माणसाला ते काम देता येते का ते पाहा आणि शाळा किंवा आयटीआयची सोय लागेपर्यंत त्याची मजुरी त्या घरात पोहोचत राहील, याचा खर्च मागवाला व तुम्ही मिळून उचला. हे सारे लिहून ठेवा. खरेदीदाराकडे पाठवायच्या पुराव्यात शंभर प्रमाणपत्रांपेक्षा या एका पानाचे वजन जास्त भरेल. अर्थात ते पान पाठवायला धैर्य लागते, कारण त्यात ‘आमच्याकडे सापडले’ असे कबूल करावे लागते. खरेदीदार ऑर्डर काढून घेईल, ही तुमची भीती मी समजू शकतो. पण सापडले म्हणून संबंध तोडणे हा त्या तत्त्वांनुसारही शेवटचा उपाय आहे, आधी सुधारणेसाठी सोबत काम करणे अपेक्षित आहे, आणि हे तुम्ही त्यांना त्यांच्याच भाषेत सांगू शकता.

यानंतर कामगारांच्या वर्गांकडे येऊ. इथे माझी स्वतःची एक फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका निर्यात कंपनीच्या सांगण्यावरून मी सोलापुरातच कडा शिवणाऱ्या बायकांचा असा एक वर्ग घेतला. सभागृह, फलक, चहा-बिस्किटे, सगळे व्यवस्थित होते. मी न्याय्य वेतनावर सुमारे दीड तास शुद्ध मराठीत बोललो. त्या ऐकत होत्या, अधूनमधून एकमेकींशी तेलुगूत कुजबुजत होत्या. शेवटी शंका विचारा म्हटल्यावर मागच्या रांगेतल्या एका वयस्क बाईंनी काहीतरी विचारले आणि सगळ्या हसल्या. शेजारणीने मला मराठीत सांगितले : “त्या विचारतात, आज इथे बसल्याचे किती?” त्या नगावर काम करत होत्या. माझ्या वर्गात बसल्यामुळे प्रत्येकीची निम्म्या दिवसाची मजुरी बुडाली होती, आणि मी त्यांना न्याय्य वेतन समजावून सांगत होतो. माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्या दिवशी मी जे शिकलो, त्यातले बहुतेक तुमच्या कामी येईल. वर्ग कामाच्या वेळेत घ्या आणि त्या वेळेची मजुरी द्या. नगावर काम करणाऱ्यांना त्यांच्या सरासरी कमाईनुसार द्या. पूर्व भागात तेलुगू लागेल, काही ठिकाणी कन्नड आणि उर्दू लागेल. बोलणारी व्यक्ती त्यांच्यातलीच असेल तर उत्तम. एका बैठकीत एकच विषय घ्या आणि बैठक पाऊण तासाच्या वर नेऊ नका. बायकांच्या बैठकीत ‘अधिकार’ हा शब्द घेऊन आत शिरू नका, छाटीपासून सुरुवात करा. त्यांच्यापैकी अनेकींच्या आई-सासवांनी विडी वळण्यात आयुष्य घालवले आहे. कारखान्यात विड्या दाखवताना किती विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जातात आणि त्यांचे पैसे का मिळत नाहीत, हा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. विडी कामगारांसाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा होता (तो २०२५ मध्ये श्रमसंहितांत विलीन झाला) आणि त्यामागे या बायकांनी लढलेल्या लढ्यांची आठवण घराघरांत आहे. त्यांना विचारा, टॉवेलमध्ये छाट किती निघते, ती कोण ठरवतो, नापास झालेला टॉवेल परत मिळतो की पैसेही जातात आणि टॉवेलही जातो? तुम्ही शिकवायला जाल आणि शिकून याल. पुरुषांच्या रातपाळीचा विषय वेगळा आहे, तिथे ओव्हरटाइमचा दुप्पट दर आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट एवढे दोन विषय पहिल्या महिन्यात पुरेत. वाट दाखवताना नकाशा नको, दिवे घालवून प्रत्यक्ष चालायला लावा.

तक्रार करण्याची सोय नसेल तर हे सगळे वर्ग पाण्यात जातील. बहुतेक कारखान्यांत तक्रारपेटी असते, ती मॅनेजरच्या केबिनच्या दारावर असते आणि तिची किल्ली मॅनेजरकडेच असते. अशा पेटीत गुटख्याच्या पुड्यांखेरीज मी कधी काही पाहिले नाही. तुमच्याकडे दहा किंवा अधिक कर्मचारी आहेत, तेव्हा २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच, तिच्या अध्यक्षस्थानी स्त्री हवी आणि एक सदस्य बाहेरचा हवा. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या बाहेरच्या मागवाल्यांच्या बाबतीत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तिचा पत्ता आणि दूरध्वनी घरी शिवणाऱ्या बायकांना देऊन ठेवा. मजुरी, छाट, शिवीगाळ अशा बाकी तक्रारींसाठी कारखान्याबाहेरच्या, दोन्ही बाजूंचा विश्वास असलेल्या व्यक्तीचा फोन नंबर द्या. पहिल्या तीन महिन्यांत तक्रारी वाढतील. तो अपयशाचा पुरावा समजू नका, आणि वडिलांनाही आधीच सांगून ठेवा, नाहीतर “हे तू सुरू केलेस” म्हणून तेच तक्रार करतील.

सुताबाबत तुमचा हात लांब पोहोचणार नाही, हे खरे आहे. तमिळनाडूतील काही सूतगिरण्यांत तरुण मुलींना तीन-तीन वर्षांच्या करारावर आणून, वसतिगृहाबाहेर मोकळेपणी जाऊ न देता, मुदतीअखेरीस लग्नासाठी एकरकमी पैसे देण्याची ‘सुमंगली’ नावाची पद्धत होती, आणि मुदतीआधी आजारी पडून परतणाऱ्या मुलींचे पैसे बुडत. तुमचे सूत अशा गिरणीतून येते, असे मी म्हणत नाही. कोणत्या गिरणीतून येते हेच तुम्हाला ठाऊक नाही, अडचण ती आहे. दलालाला प्रत्येक लॉटसोबत गिरणीचे नाव देण्याची अट घाला. तो कुरकुर करेल, मग देईल. पुढचे प्रश्न त्या गिरणीला एकटीने विचारण्याऐवजी तेच सूत घेणारे तुमच्या एमआयडीसीतील पाच-सहा कारखानदार मिळून विचारा, आणि खरेदीदारालाही विचारायला लावा, कारण त्याच्या एका पत्राला जेवढे वजन आहे तेवढे तुमच्या वीस फोनना नाही.

राहिले खरेदीदाराला द्यायचे उत्तर. तीन महिन्यांत ‘सर्वांना’ शिकवण्याचे वचन देऊ नका. लिहा की, पहिल्या तीन महिन्यांत व्यवस्थापनाचा वर्ग, उचलीच्या नोंदींची दुरुस्ती, आगीच्या वाटा आणि बाहेरच्या मागवाल्यांची यादी एवढे पूर्ण होईल. पुढच्या नऊ महिन्यांत घरी काम करणाऱ्या स्त्रिया आणि रंगाईवाले. त्यानंतर त्यांच्याकडून काय हवे तेही त्याच पत्रात लिहा : रंग किंवा नक्षीतला बदल कळवण्याची अखेरची तारीख ठरवावी, त्यानंतर बदल झाल्यास जहाजाची तारीख तितकीच पुढे जावी, आणि वाढलेली मजुरी व प्रशिक्षणाच्या तासांचा खर्च दरात धरला जावा. पत्र विनंतीच्या सुरात लिहू नका. ही त्यांच्या कायद्याने त्यांच्यावर टाकलेल्या कामातलीच त्यांची वाटणी आहे. ते सगळे मान्य करणार नाहीत. बदलाची अखेरची तारीख मात्र बहुधा मान्य करतील, कारण तिला त्यांचा पैसा लागत नाही, आणि तुमच्या साखळीतल्या शुक्रवारच्या रात्री तेवढ्यानेही बऱ्याच कमी होतील.

वडिलांना या सगळ्याबाहेर ठेवू नका. तुमचे आजोबा हातमागावर बसत, म्हणजे त्यांच्याही नावावर कोणाच्या तरी वहीत उचल असणार. ती कशी फिटली, फिटेपर्यंत किती वर्षे गेली आणि त्या काळात त्यांना दुसरीकडे जाता आले का, हे वडिलांना घरी निवांत विचारा. त्यांनी ते पहिल्या वर्गात हिशेबनीस आणि जॉबर यांच्यासमोर सांगायचे कबूल केले, तर प्रास्ताविकाची निराळी गरज उरणार नाही.

सल्लागाराला नकार कळवल्यावर त्याची फी वाचेल. ती रक्कम वेगळी काढून ठेवा आणि कडा शिवणाऱ्या बायकांची पहिली बैठक होईल त्या दिवशी, बैठक संपताक्षणी, बसल्याची मजुरी प्रत्येकीच्या हातात रोख द्या.